अडल्या घरची मुकी जनावरे

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात एक मास्तर शेळी आणि मांजर यांवर बोलायला उभा राहिला आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. चिटणीससाहेबांनी विषय विचारला तेव्हा त्यांनाही वाटले. परंतु हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. तो हजेरीपटातून माझ्यापुढे आला.

माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा सलग अकरा दिवस गैरहजर होता. हुशार मुलगा, गणितात पहिला. बाराव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडील कुवेतला नोकरीवर. आई मुंबईच्या इस्पितळात, मोठा भाऊ तिच्याजवळ. घरात हा एकटा. रात्री झोपायला शेजारच्या चाची येत. मुंबईचे नातेवाईक त्याला घेऊन जायला आले होते, पण हा गेला नाही. मी विचारले, "का रे?" त्याने परसाकडे बोट दाखवले. खुंट्याला एक शेळी, तिची दोन करडे, खुराड्यात सहा कोंबड्या आणि चुलीजवळ एक मांजर. "सर, यांना कोणाकडे टाकू?"

त्याच्याकडून कळले ते अधिक गंभीर होते. आईच्या पित्ताशयात खडे होते आणि शस्त्रक्रिया करून घ्या, असे डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच सांगितले होते. बाई म्हणाल्या, शेळी गाभण आहे, विऊ दे मग जाईन. शेळी व्याली, तेव्हा म्हणाल्या, करडे जरा पाल्याला लागू देत. करडे पाल्याला लागली आणि एका रात्री बाईंना तापात बेशुद्धावस्थेत मुंबईला न्यावे लागले. साधी शस्त्रक्रिया होती, ती जिवावरची झाली. पालकहो, याला अज्ञान म्हणून मोकळे होऊ नका. त्या बाईंना आजार समजत होता, पैशाचीही तजवीज होती. नव्हते ते एवढेच, की पंधरा दिवस शेळीला पाला घालणारे एक खात्रीचे घर.

माणसाच्या अडचणीत जनावर कसे अडकून बसते, याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. एक मला विसरता येत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंड युद्धात उतरले. बॉम्ब पडणार या भीतीने लोकांना सांगण्यात आले होते की पाळीव जनावरे खेड्यात पाठवा. ते जमत नसेल आणि शेजाऱ्यांकडेही सोय नसेल, तर त्यांना मारून टाकणेच दयेचे. पहिल्या आठवड्यातच एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरे त्यांच्या मालकांनीच नेऊन मारविली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आणि लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला तो सप्टेंबर १९४० मध्ये, म्हणजे तब्बल एक वर्षाने! त्या लोकांचे आपल्या जनावरांवर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? त्यांना घाईत दुसरे दार दिसले नाही.

उलट प्रकार अमेरिकेत झाला. २००५ च्या ऑगस्टात कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. सुटकेच्या गाड्यांत जनावरे घेईनात, म्हणून कितीतरी माणसे बुडत्या घरांत मागे राहिली. तेव्हा सरकारच्या ध्यानात आले की कुत्रे सोडवले नाही तर माणूसही सुटत नाही. २००६ साली तेथे कायदा झाला आणि आपत्तीच्या योजनेत घरच्या जनावरांचाही विचार करणे राज्यांना भाग पडले.

आपल्या राज्यात ही कल्पना नवी नाही. दुष्काळातली चारा-छावणी म्हणजे दुसरे काय? साताऱ्याकडच्या माणदेशात म्हसवडला २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१९ च्या दुष्काळात अशा छावण्या उभ्या राहिल्या. बाजारात मातीमोल भावाने गेली असती ती जनावरे पावसापर्यंत तगली. मात्र छावणीत जनावराबरोबर घरचे माणूस राहावे लागते, आणि ते माणूस पुष्कळदा शाळेत जाणारे असते. आपल्या कोकणात दुष्काळ नाही, पूर आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात कसे शिरले, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको. एवढेच सांगतो, की पाणी चढू लागले आणि जनावर नेता येत नसेल तर निदान त्याचे दावे कापा. मोकळे जनावर पोहते, बांधलेले बुडते.

आता आमच्या प्रयोगाकडे येतो. त्या संध्याकाळी शेळी आणि करडे मी माझ्या घरी आणली. कोंबड्या चाचींनी खुराड्यासकट उचलल्या. मांजर वर्गातल्या एका मुलीने नेले. हजरत अबू हुरैरा यांना ते नाव मांजरीच्या पिलावरून पडले, हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. मुलगा दुसऱ्या दिवशीपासून शाळेत. येथवर सारे छान झाले. पुढे झाल्या त्या चुका सांगतो, कारण उपयोग त्यांचाच होईल.

मांजर दुसऱ्याच रात्री पळाले आणि आपल्या बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसले. मांजर माणसापेक्षा जागा धरते. नव्या घरी नेल्यास दोन-तीन आठवडे तरी आत कोंडून ठेवावे लागते. ते जमत नसेल, तर त्याला त्याच्याच घरी राहू देऊन दोन वेळा जाऊन खाऊ घालणे बरे. त्या मुलीने तसेच केले, सकाळी मदरशाला जाताना आणि संध्याकाळी परतताना.

मोठी चूक माझी. चौथ्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते, भात उरला. पाहुणी जनावरे, त्यांचेही लाड व्हावेत म्हणून मी पाटीभर भात शेळीपुढे ठेवला. सगळ्यांनी तुटून खाल्ला. मी बी. ए., बी. एड.; रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात चार कप्पे असतात हे फळ्यावर आकृती काढून शिकवणारा माणूस! रात्री एका करडाचे पोट टम्म फुगले, ते दात खाऊ लागले. सकाळी पशुवैद्य आले तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टरांनी सांगितले की एकदम पोटभर शिजलेले धान्य गेले की शेळीच्या पोटात आम्ल होते आणि ते विषासारखे भिनते. शेळी आणि दुसरे करडू औषधाने वाचले. त्या मुलाला एक प्रश्न विचारला असता, ती काय खाते, एवढाच, तर त्याने सांगितले असते: फणसाचा पाला, थोडा कोंडा, भात नाही. मी विचारलाच नव्हता.

त्या मुलाला हे सांगणे मला फार जड गेले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कुठे पुरलंत, सर?" मी फणसाखालची जागा दाखवली. करडाची किंमत मी देऊ केली, ती त्याच्या आईने घेतली नाही. बाई आता बऱ्या आहेत. पण सगळ्याच घरी असे होणार नाही, आणि म्हणून अशा कामात तोंडी बोलणे पुरत नाही, हे मी शिकलो. जनावर ताब्यात घेताना एक चिठ्ठी लिहावी. ते काय खाते, काय खात नाही, टोचले आहे का — शेळीला पी. पी. आर.ची आणि कुत्र्या-मांजराला रेबीजची लस — किती दिवसांसाठी घेतले, दूध आणि अंडी कोणाची, आजारी पडल्यास डॉक्टरचा खर्च कोणाचा आणि मेल्यास काय, हे त्यात स्पष्ट असावे. मेल्यास काय, हे लिहायला लोक लाजतात. तेच आधी लिहा. पाहुणे जनावर पहिले काही दिवस आपल्या जनावरांपासून वेगळे बांधा, म्हणजे इकडचा रोग तिकडे जाणार नाही.

काही पालक म्हणतील, मास्तर, माणसांनाच कोणी विचारीत नाही. खरे आहे. पण येथे जनावराला विचारले म्हणूनच माणूस वेळेवर इस्पितळात जाईल. शिवाय जनावराला उपाशी मरण्यासारख्या स्थितीत विनाकारण सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही ठाऊक असू द्या. आणि एक नाजूक गोष्ट. घरात मारहाण सोसणारी बाई कधीकधी मुक्या जनावरापायी घर सोडत नाही. इंग्लंडमध्ये डॉग्ज ट्रस्ट ही संस्था २००४ पासून अशा स्त्रियांची कुत्री तात्पुरती सांभाळते आणि ती कोणाच्या घरी आहेत हे गुप्त ठेवते. आपल्या लहान गावात गुप्त काही राहत नाही. यावर मला उत्तर सापडलेले नाही. मातांनी विचार करावा.

आम्ही शाळेत एक वही केली आहे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी नाव लिहावे, किती दिवस आणि कोणते जनावर सांभाळू शकू तेही लिहावे. आजवर नऊ घरांची नावे आली आहेत. शेळीसाठी पाच, कोंबड्यांसाठी तीन, मांजरासाठी एक. राखणीच्या कुत्र्यासाठी अजून एकही नाही. वाडीवर एकटे राहणारे दोन वृद्ध गृहस्थ मला ठाऊक आहेत. दोघांनाही डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, आणि दोघांच्याही दारात कुत्रा आहे.

मेळावा संपल्यावर वही या टेबलावर असेल. नंतर ती शाळेच्या कचेरीत, हजेरीपटांच्या कपाटात ठेवलेली असते. कपाटाला कुलूप नसते.