चाकोरीबाहेरचे धाडस

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणातून)



राजोडीच्या या किनाऱ्यावर उभे राहिले की सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांचे स्मरण होते. १८८२ साली दिगंबर जैन घराण्यात जन्मलेल्या वालचंदांपुढे कापूस व सावकारीची मळलेली वाट होती. ती सोडून ते रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरले आणि पुढे थेट समुद्रात! ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद व सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले. ‘लॉयल्टी’ फार काळ चालली नाही. घरच्या धंद्याकडे परतणे सोपे होते. वालचंद परतले नाहीत. सिंदियाने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. तेथे बांधलेली ‘जलउषा’ १९४८ साली पाण्यात उतरली.

बंधू-भगिनींनो, वेगळी वाट धरण्यास एका दिवसाचे धैर्य पुरते. त्या वाटेवर टिकण्यास आयुष्य लागते. आपला मुलगा वा मुलगी पेढी सोडून निराळे काम करू म्हणेल, तेव्हा पहिल्याच तोट्याला ‘आम्ही म्हटलेच होते’ असे ऐकवू नये. पाठीशी उभे राहावे.

जय जिनेन्द्र!