उभ्यानं काम करणाऱ्या बायकांचा योगवर्ग

(वस्तीतल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



"योगा करायला तुला काय कामं कमी आहेत का?" आमच्या वर्गातल्या प्रत्येकीनं हे कुणाकडून तरी ऐकलेलं आहे. सासूकडून, नवऱ्याकडून, नाहीतर शेजारणीकडून.

चिखलीत बालवाडीच्या खोलीत आम्ही बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी जमतो. बहुतेकजणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लाइनवर आहेत, माझ्यासारख्याच. आठ तास उभं राहून वायरी जोडायच्या, माल तपासायचा आणि घरी आलं की ओट्यापाशी पुन्हा उभं राहायचं. पाय सुजतात, टाचा दुखतात, कंबर धरते.

पहिल्या दिवशी मी चूक केली. थेट सूर्यनमस्कार सुरू केले. पुढच्या वेळी निम्म्या बायका आल्याच नाहीत. एक म्हणाली, "ताई, नमस्कार घालायला आधी वाकता यायला हवं ना!"

मग आम्ही भिंत, खुर्ची आणि घरची चादर घेतली. ही युक्ती माझी नाही. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले. पत्नी रमामणी यांच्या नावानं 1975 साली त्यांनी संस्था काढली. खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांच्या आधारानं ताठरलेल्या, आजारी माणसांनाही आसनं करता येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते 1936 साली धारवाडच्या बायकांना, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आता आम्ही भिंतीला टाचा, पाठ टेकून ताडासन करतो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कंबरेतून वाकतो. शेवटी भिंतीवर पाय वर टाकून पडून राहतो. सुजलेल्या पायांना यानं बरं वाटतं. रक्तदाब असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरला विचारायचं. औषध बंद करून योग करा, असं मी कुणालाही सांगत नाही.

पाळीत यायचं का, हा प्रश्न दबक्या आवाजात आला. अय्यंगारांच्या लेक गीता अय्यंगार यांनी बायकांच्या योगावर 1983 साली पुस्तक लिहिलं. त्या दिवसांत उलटी आसनं टाळा, आधार घेऊन विसावा घ्या, असं त्या शिकवत. आमच्याकडे पाळी आलेली बाई खोलीच्या मधोमध उशीवर पडते. घरी कोपऱ्यात बसवतात, तसं नाही. एका मैत्रिणीनं विचारलं, "ओम म्हणावंच लागतं का?" नाही. आम्ही श्वास मोजतो, मराठीत किंवा हिंदीत.

शवासनात कुणी घोरतं, कुणी रडतं. एकजण म्हणाली, लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मी आडवी झाले नव्हते. आम्ही कुणी काही बोललो नाही.

आता दुसरी गोष्ट. 2015 पासून 21 जूनला योग दिन होतो. आमच्या कारखान्यातही झाला. टी-शर्ट वाटले, फोटो काढले. त्याआधी महिनाभर आम्ही बसायला स्टुलं मागत होतो. सुपरवायझर म्हणाले, "आता योगा करा, पाठ दुखणार नाही." हे ऐकून माझं डोकं फिरलं! उभ्यानं काम करणाऱ्याला, सवड मिळेल तेव्हा टेकायला बसायची सोय हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 मध्येच लिहिलं होतं. ताडासन शिकवणारीनंच सांगते, ताडासन म्हणजे स्टूल नव्हे.

बुधवारच्या वर्गात चादरीवर बसूनच आम्ही अर्ज लिहिला. कंत्राटी मैत्रिणींपैकी काहींनी सही केली नाही. 'ब्रेक' मिळेल ही भीती खरी आहे, मी त्यांना दोष देत नाही. त्या वर्गाला येतातच.

स्टुलं आली. चाळीसजणींत चार. पुढच्या बुधवारी दुसरा अर्ज लिहायचा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी चादर घेऊन यावं.