वडीतला अमोनिया

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



युरियाच्या 45 किलोच्या पोत्यासाठी कारखान्यात सुमारे 26 किलो अमोनिया लागतो. हाच अमोनिया आता इंधन व्हायला निघाला आहे. त्याच्या वजनात 17 टक्क्यांहून जास्त हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजनवर फ्युएल सेल वीज तयार करतो.

अडचण साठवणीची. अमोनिया विषारी वायू; दाबाखाली टाकीत कोंडावा लागतो. टाकी गळली तर माणूस जातो. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली यावर तोड मांडली. पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटतं ना? ती ओल ओढतं मुख्यतः त्यातलं मॅग्नेशियम क्लोराईड. तोच क्षार अमोनियाही ओढून धरतो. भरलेल्या वडीचं निम्म्याहून जास्त वजन अमोनियाचं, तरी ती हातात धरता येते. तापवली की अमोनिया सुटतो; रिकामा क्षार पुन्हा भरता येतो.

वडी चांगली आहे. पण ती कणगी आहे, शेत नव्हे. कणगीत ज्वारी पिकत नाही. जगातला बहुतेक अमोनिया आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून होतो. तोच गाड्यांना दिला, तर धूर फक्त रस्त्यावरून कारखान्यात गेला. आणि खताच्या मालाला दुसरं गिऱ्हाईक आलं, तर वाढला भाव कोण मोजणार? कोरडवाहू कापूसवालाच!

तंत्रज्ञानाला आपण दार लावत नाही. फक्त विचारा : अमोनिया कशाचा? ऊन-वाऱ्याच्या विजेवर, पाण्यातला हायड्रोजन काढून केलेला असेल, तर बोलू. ऊन-वारा आपल्या माळावरही आहे.