ब्रँडवरचं प्रेम आणि समाजकार्य
१९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीनं न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी कार्डावरच्या प्रत्येक खरेदीमागे एक सेंट द्यायचं जाहीर केलं. सुमारे १७ लाख डॉलर जमले. पुतळ्यावर लोकांची माया होतीच, ती कार्डाच्याही वाट्याला आली.

२०१० मध्ये केएफसीनं स्तनाच्या कर्करोगाविरुद्धच्या कामासाठी गुलाबी बादल्यांतून चिकन विकलं, बादलीमागे ५० सेंट. तिथं मात्र टीकेची झोड उठली. तळलेलं खाणं आणि आरोग्याचं काम यांचा मेळ अनेकांना पटेना. मदत खरी होती, तरी हेतूवर शंका आली, आणि मला ती रास्त वाटते.

आपल्याकडेही पाकिटावर ‘काही भाग समाजकार्यासाठी’ असं छापलेलं दिसलं, तर किती आणि कुणाला, हे जरूर विचारा.