मटियाबुर्जच्या मत्स्यकन्या

अवधचे राज्य गमावलेला वाजिद अली शाह 1856 साली कलकत्त्यास आला व पुढे गार्डन रीचमधील मटियाबुर्जातच स्थिरावला. राज्य गेले, परंतु राजचिन्हावरील मत्स्यकन्या काही त्याने सोडल्या नाहीत. 1864 सालच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यावर त्या आजही दिसतात. मूळ चिन्ह माशाचे. नदी ओलांडताना घराण्याच्या मूळपुरुषाच्या मांडीवर मासा उडून पडला, हाच राज्यलाभाचा शकुन, अशी आख्यायिका आहे.

नॉर्वेच्या 13 व्या शतकातील ‘राजदर्पण’ नामक ग्रंथात याच्या नेमके उलट आढळते. तेथील जलस्त्री वादळापूर्वी दर्शन देई. कमरेवर स्त्री, खाली मासा, बोटांमध्ये पडदे! तिने हातातील मासे जहाजावर फेकले, की खलाशांना मरणाची धास्ती वाटे. स्वतःच खाल्ले, तर ते जगण्याची आशा धरीत.

वाजिद अली 1887 साली निवर्तला. त्याची कबर त्याच इमामबाड्यात आहे.