घरावरचा भार आणि सल्ल्याचे दार
(पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



स्ट्रॉबेरीच्या पानावर ठिपका दिसला की आपण ते पान लगेच तज्ज्ञांना दाखवतो. पण घरातले माणूस रात्र रात्र झोपत नाही, भरल्या ताटावरून उठते, बोलणे टाळते, ही लक्षणे मात्र कोणालाच दाखवत नाही.

या पिकाचा भार सगळ्या घरावर पडतो. मातृरोपे, गादीवाफे, आच्छादनाचा कागद आणि ठिबक यांचा खर्च आधीच होतो. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी, प्रतवारी आणि भरणी चालते. त्यातच स्वयंपाक, मुलांची शाळा, अंथरुणाला खिळलेले सासू-सासरे. हे काम बहुधा बायांच्या वाट्याला येते. अवकाळी पावसाने फळ सडले तरी कर्जाचा हप्ता राहतोच.

पाचगणीत १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल एअर आरोग्यधाम सुरू केले. त्या काळी क्षय झाला तर लोक लपवीत. औषध निघाले, तशी भीती ओसरली. मनाच्या आजारालाही उपचार आहेत. तो लपवू नये.

भार कशाचा आहे ते पाहून योग्य ठिकाणी जावे.

१) मनावर ताण असल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. ती मोफत असून रात्रंदिवस चालते; मराठीत बोलता येते. फोन करणे अवघड वाटल्यास आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. सरकारी दवाखान्यात मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

२) कर्जाचा हप्ता थकण्याची वाट पाहू नये. पिकाचे नुकसान होताच सोसायटीच्या सचिवांना किंवा बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना भेटून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. विनापरवाना सावकाराचा जाच असल्यास २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते.

३) घरात मारहाण किंवा छळ होत असल्यास १८१ या महिला हेल्पलाइनवर कळवावे. न्यायालयातील विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘माझा सगळ्यांना भार झाला’ असे कोणी म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. जवळ बसून, जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट माणूस मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशके घरात ठेवू नयेत. कुलपात ठेवून किल्ली शेजारच्या विश्वासू माणसाकडे द्यावी. संकटाची ती घटका टळली, तर पुष्कळ जीव वाचतात. वाचलेल्याला पोलीस केसची भीती घालू नये; त्याला उपचार हवेत.

तोडणीच्या घाईत आपण एकमेकांच्या रानात सावडीने जातो. तसेच कोणाच्या घरी भार वाढलेला दिसला, तर अर्धा दिवस त्यांचे म्हातारे माणूस सांभाळावे, आणि दवाखान्यात जाताना सोबत जावे.