हजेरीपट आणि शेळ्या

(जिंतूर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकांनी हंगामाच्या सणानिमित्त भरलेल्या मेळाव्यात केलेले भाषण)



खेड्यातल्या शिक्षकाचं रोजचं जगणं कसं असतं ते सांगा, असं आपण मला कळवलं होतं. मी विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आलं की माझ्या दिवसात माणसांइतकीच जनावरं आहेत. माझ्या वर्गात आज किती मुलं बसतील, हे बऱ्याच वेळा शेळ्या, बैल आणि कुत्री ठरवतात. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलतो.

परभणी म्हटलं की गोदावरीकाठची काळी जमीन, संत जनाबाईंचं गंगाखेड आणि कृषी विद्यापीठ आठवतं. पण जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरतात. तिथली जमीन हलकी, मुरमाड. त्या भागात आंध या आदिवासी समाजाची गावं आहेत, जवळच बंजारा तांडे आहेत. माझी शाळा अशाच एका गावात. पहिली ते चौथी, एकतीस मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे कागदावर काही कमी नाही. प्रत्यक्षात एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एक शिक्षक तालुक्याला बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच फळ्यासमोर.

एसटी मला फाट्यावर सोडते. पुढे चार किलोमीटर. एरवी मोटारसायकलवर जातो, पण पावसाळ्यात चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की गाडी स्टँड न लावताही उभी राहते! मग गाडी फाट्यावरच्या हॉटेलात ठेवायची, चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं. वाटेत मोर दिसतात, संध्याकाळी रोह्यांचा कळप रस्ता ओलांडतो. पण मी बघत असतो ते समोरून येणाऱ्या शेळ्यांकडे. शेळ्यांमागे म्हातारं माणूस असलं तर मन निवांत होतं. माझ्याच शाळेचा गणवेश दिसला, की त्या दिवसाची एक गैरहजेरी वाटेतच कळते.

हे का होतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. आई-बापाला शिक्षणाची किंमत नाही, असं शहरात सहज म्हटलं जातं. मला तसा अनुभव नाही. आमच्याकडे पूर्वी ज्वारी भरपूर असायची. आमच्याच विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती अशी वाणं दिली. ज्वारीचं दाणं माणसाला आणि कडबा जनावराला, असा संसार होता. मग सोयाबीन आणि कापूस वाढला. पैसा हातात आला, पण कापसाच्या पऱ्हाट्या जनावर खात नाही आणि सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. घरात वैरण नसली की जनावर रानात न्यावं लागतं. जवळचं रान संपलं की लांब जावं लागतं. मोठं माणूस मजुरीला गेलं तर घरात तीनशे रुपये येतात. शेळ्यांमागे गेलं तर ते बुडतात. मग शेळ्यांमागे कोण जाणार? ज्याच्या दिवसाची मजुरी कुणी मोजत नाही, ते लेकरू जाणार.

आणि शेळी सोडून द्या, असं सांगणंही सोपं नाही. आमच्याकडची काळी उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत वेते, पुष्कळदा जुळी करडं देते. कुणी आजारी पडलं, बी-बियाणं आणायचं झालं, की बाजारात एक बोकड विकलं जातं. गरिबाची बँक दारात बांधलेली असते. २०२२ मध्ये गाई-बैलांवर लम्पीची साथ आली आणि जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा अशा घरांना शेळ्यांचाच आधार राहिला.

दसरा-दिवाळीनंतर खरी परीक्षा सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. अशा कोयत्यांची टोळी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते. काही जण बैल घेऊन जातात. तिथे बैलांना वाढे मिळतात, माणसांना पाचटाची कोपी. हंगाम संपेपर्यंत शिमगा येतो, कधी पाडवाही होऊन जातो. लेकरू बरोबर गेलं तर त्याचं अर्धं वर्ष जातं. तिथे ते लहान भावंडं सांभाळतं, पाणी भरतं, वाढ्यांच्या मोळ्या बांधतं.

अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. योजना चांगली आहे. मी दरवर्षी दिवाळीआधी घरोघर जाऊन सांगतो, लेकराला ठेवून जा. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या आजीने मला ऐकवलं, "गुरुजी, लेकरू ठिवून जातील, जेवू बी तुम्ही घालताल. पर सात शेळ्या मागं ऱ्हायल्यात. माझ्या गुडघ्यानं काय त्या आवरत्यात व्हय? का तुमच्या शाळंत बांधू?"

मंडळी हसली होती. शाळेत बांधल्या असत्या तर मुलांनी लावलेली पालेभाजी दोन दिवसांत फस्त झाली असती. पण आजीचा प्रश्न बरोबर होता. मुलगी गावात राहिली म्हणजे शाळेत आली, असं होत नाही. सात शेळ्या तिच्याकडेच आल्या.

डिसेंबरात ती रानात असताना एका भटक्या कुत्र्याने तिची पोटरी फोडली. लोकांनी जखमेला चुना लावायची तयारी केली होती. मी शाळेच्या हातपंपावर पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली आणि तिला व आजीला गाडीवर बसवून सरकारी दवाखाना गाठला. बंधू-भगिनींनो, ही गोष्ट घरी जाऊन सर्वांना सांगा. कुत्रा चावला तर चुना, मिरची, हळद काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली ही लस पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा समोरचा मुलगाही नऊ वर्षांचाच होता. आमच्या चौथीच्या वयाचा.

लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पण एका सुईने काम होत नाही. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावं लागतं. जखम खोल असेल तर पहिल्या दिवशी जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही देतात. आई-बाप शेकडो किलोमीटर लांब फडात, आजीला चालवत नाही. आम्ही दोघा शिक्षकांनी वाऱ्या वाटून घेतल्या. सातव्या दिवशी ती मुलगी गाडीवर बसायला तयार होईना. म्हणाली, "सर, आज एक शेळी वेणार हाय." शेजारच्या काकूंनी शेळीजवळ बसायचं कबूल केलं, तेव्हा ती निघाली. परत आलो तर दोन करडं झाली होती. चारही डोस पूर्ण झाले, मुलगी आज ठणठणीत आहे.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी मुलांच्या यादीबरोबर शेळ्यांची यादी ठेवली. ऊसतोडीला जाणाऱ्या नऊ घरांतली अकरा मुलं आणि मागे राहणाऱ्या चोपन्न शेळ्या. एवढ्या शेळ्या एक मोठा गुराखी सहज राखू शकतो. गावातले एक गृहस्थ तयार झाले. त्यांची मजुरी काही घरांनी दिली, उरलेली आपल्या सभासदांच्या वर्गणीतून आली. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत त्या अकरांपैकी दहा मुलं रोज वर्गात बसली. अकरावा मुलगा बैलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, तो पाडव्यानंतर आला. त्याला मी अजून वाचन शिकवतो आहे.

पावसाळ्याआधी पशुवैद्यकांना गावात बोलावून शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआरच्या लशी टोचून घेतल्या. एकट्या बाईच्या तीन शेळ्या मेल्या तर तिचं लेकरू शाळा सोडून कामाला लागतं, हे मी पाहिलं आहे. गाई-बैलांच्या कानातले बारा आकडी बिल्ले मुलांनी वहीत उतरवून घेतले. मोठ्या संख्या वाचायला आम्हाला दुसरं पुस्तक लागलं नाही.

आपल्या शेजारच्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वस्ती वसवली. तिथे प्रार्थनेबरोबर शाळेचा आणि शेतीचाही विचार होता. पोट आणि पाटी वेगळी करता येत नाही, हे त्या माणसांना ठाऊक होतं. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आला आहात. आमची लेकरं संध्याकाळी शेळ्या मोजूनच घरात घेतात. त्या लेकरांनाही कुणीतरी तसंच मोजलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

यंदा शेजारच्या तांड्यावरचे शिक्षकही हाच प्रयोग करू इच्छितात. म्हणजे दोन गुराखी लागतील. टोळ्या दिवाळीच्या पाडव्यानंतर निघतात, त्यामुळे मजुरी त्याआधी ठरली पाहिजे. नंतर आलेली मदत उपयोगी पडते, पण तोवर दोन आठवडे मुलं रानात असतात. आपल्यापैकी ज्यांना पैसे देणं जमणार नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. आपल्या वस्तीवर, शेतावर, वीटभट्टीवर कामाला आलेल्या कुटुंबात शाळेच्या वयाचं मूल दिसलं, तर जवळच्या शाळेला कळवा. कायद्याने कोणतीही सरकारी शाळा त्या मुलाला वर्षात केव्हाही दाखल करून घेते. दाखला हातात नसला तरी अडवत नाही.

आमच्या मुलांनी आपल्यासाठी शेळ्यांची चित्रं पाठवली आहेत. ती मागच्या भिंतीवर लावली आहेत, जाताना जरूर पाहा. प्रत्येक शेळीचं नाव खाली लिहिलं आहे आणि अक्षर त्यांचंच आहे.